दोन टक्के कशाचे? ठाण्यातल्या एका फ्लॅटविक्रीतल्या दलालीचं प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्यात पोखरण रोड नंबर दोनला, वसंत विहारच्या अलीकडे, १९९६ साली बांधलेली एक सोसायटी. तिथला चौथ्या मजल्यावरचा टू बीएचके, कार्पेट ५६० चौरस फूट, खाली स्टिल्टमध्ये एक पार्किंग. मालकीण निवृत्त शिक्षिका, साठीच्या पुढच्या. यजमान गेल्यावर दोन्ही मुलांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलं होतं, त्यामुळे कागदोपत्री फ्लॅट एकट्या त्यांच्या नावावर होता. मुलगी पुण्यात. तिच्या जवळपास छोटं घर घ्यायचं आणि ठाण्यातलं विकायचं, असं २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ठरलं. आपण त्यांना काकू म्हणू. या प्रकरणातले सगळे ब्रोकरही त्यांना तसंच म्हणत. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत आणि रकमा गोल केल्या आहेत. मी पूर्वी बँकेत गृहकर्जाचं काम पाहायचो. काकूंच्या घरी जुनी ओळख, म्हणून फेब्रुवारीत हा कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे आला.

काकूंना वाटत होतं, घर विकायचं म्हणजे सोसायटीच्या गेटजवळ गाळा असलेल्या ब्रोकरला सांगायचं. तसं त्यांनी सांगितलं. तो म्हणाला, "काकू, दोन टक्के द्या, बाकी सगळं माझ्यावर सोडा." काकू म्हणाल्या, "बघू." एवढंच बोलणं झालं. पुढे पाच महिने तो या बोलण्याला करार समजत राहिला आणि काकू नुसती चौकशी.

दलालीचा दर कुठल्याही कायद्याने ठरवून दिलेला नाही. मुंबई-ठाण्यात जुन्या फ्लॅटच्या विक्रीत एक ते दोन टक्के असा प्रघात आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी वेगवेगळा: विकणारा आपल्या ब्रोकरला देतो, घेणारा आपल्या. धंद्यात याला 'साइड बाय साइड' म्हणतात. दोन्ही पार्ट्या एकाच ब्रोकरच्या असतील तर तो दोन्हीकडून घेतो. बिल्डरच्या नव्या प्रकल्पात गणित निराळं असतं. तिथे ब्रोकरला बिल्डर पैसे देतो, म्हणून घेणाऱ्याला दलाली 'शून्य' दिसते. काकूंच्या जावयाने पुण्यात असाच नवा फ्लॅट घेतला होता. त्यामुळे "आजकाल दलाली द्यावी लागत नाही" हे वाक्य घरात बरेच दिवस फिरत होतं.

अडचण कशी वाढत गेली

पितृपक्ष संपेपर्यंत टोकन, म्हणजे सौदा पक्का करण्याची आगाऊ रक्कम, कोणी देत नाही, म्हणून पहिले पंधरा दिवस तसेच गेले. तेवढ्यात काकूंच्या भाच्याने उत्साहाने फ्लॅटचे फोटो ओळखीच्या आणखी पाच ब्रोकरांना व्हॉट्सॲपवर पाठवून दिले. जितके जास्त ब्रोकर तितकी जास्त गिऱ्हाइकं, हा त्याचा हिशोब. झालं उलटंच. दिवाळीपर्यंत तोच फ्लॅट तीन पोर्टलवर तीन किमतींना दिसू लागला: एकीकडे १ कोटी २८ लाख, दुसरीकडे १ कोटी १५ लाख, तिसरीकडे १ कोटी ५ लाख. घर पाहायला येणारा फोनवर सर्वांत खालचा आकडा दाखवूनच आत पाऊल टाकायचा. शिवाय सहा जणांना दिलेल्या फ्लॅटसाठी एकही ब्रोकर मनापासून धावत नाही. सौदा दुसऱ्याच्या हातून झाला तर आपली मेहनत फुकट, हे प्रत्येकाला माहीत असतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला गेटवरच्या ब्रोकरने एक कुटुंब आणलं: मुलुंडला भाड्याने राहणारं नोकरदार जोडपं आणि नवऱ्याचे वडील. घर त्यांना आवडलं. काकूंची मागणी १ कोटी २० लाख. ते १ कोटी ८ लाखांवरून १ कोटी १२ लाखांपर्यंत आले आणि थांबले. ब्रोकरचा सूर तिथे बदलला. "काकू, देऊन टाका. मार्केट थंड आहे, जिना चढताना लोक जुन्या लिफ्टकडे बघतात." काकूंना हे खटकलं. दोन टक्के आपल्याकडून घ्यायचे आणि बाजू मात्र समोरच्याची मांडायची?

राग बाजूला ठेवून आकडे पाहिले तर त्याचं वागणं कळतं. किंमत १ कोटी १२ लाखांवरून १ कोटी १८ लाखांवर नेली, तर काकूंच्या हाती सहा लाख जास्त येतात. दोन टक्क्यांच्या हिशोबाने त्याच्या पदरात पडतात १२ हजार. त्या १२ हजारांसाठी हातातली पार्टी गमावून सव्वादोन लाखांच्या आसपासची दलाली धोक्यात कोण घालेल? सरसकट टक्केवारीत ब्रोकरचा फायदा सौदा होण्यात असतो, किंमत वाढण्यात फारसा नसतो. त्यात एक गोष्ट काकूंना तेव्हा माहीतच नव्हती: त्या कुटुंबाकडूनही त्याने एक टक्का ठरवला होता. सौदा जमला असता तर दोन्हीकडचे मिळून तीन टक्के त्याचेच होते.

जानेवारीत त्याने नवा प्रस्ताव आणला. "काकू, तुम्हाला एक चौदा नेट देतो. दलाली नको, काही नको. वरचं माझं." काकूंना हे एकदम सोपं वाटलं आणि त्या जवळजवळ हो म्हणाल्या होत्या. भाच्याला शंका आली, आणि इथे मी या प्रकरणात आलो.

समोरचे पर्याय

'नेट'चा पर्याय मी आधी बाजूला काढायला सांगितला. बेकायदा म्हणून नव्हे. मालकाने समजून-उमजून असा करार केला तर तो करू शकतो. अडचण अशी, की त्या दिवसापासून ब्रोकर काकूंचा माणूस उरत नाही, एका अर्थी तोच घेणारा बनतो. फ्लॅट १ कोटी २२ लाखांना गेला तर वरचे आठ लाख त्याचे, आणि खरा सौदा किती झाला हे काकूंना कळायला मार्ग नाही. भारतीय करार कायद्यातलं, १८७२ सालचं, कलम २१६ सांगतं की मालकाला अंधारात ठेवून एजंटाने स्वतःच्या खात्यावर व्यवहार केला तर तो फायदा मालक मागू शकतो. 'नेट'ला मान्यता दिली की हे संरक्षण आपणच सोडून दिलं म्हणून समजा. करारनाम्यावर आकडा पूर्ण लिहिला तर ते आठ लाख काकूंच्या खात्यातून ब्रोकरकडे जाणार, आणि कमी लिहिला तर वरची रक्कम रोखीत फिरणार. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली, तर घेतली तेवढीच दंडाची रक्कम भरावी लागू शकते. सगळं आयुष्य पगाराच्या पावत्या जपून ठेवलेल्या बाईला हे पटायला वेळ लागला नाही.

दुसरा पर्याय होता दोन टक्के मान्य करून पुढे जाण्याचा. तिसरा, भाच्याचा: एक टक्का द्यायचा, पटत नसेल तर दुसरा ब्रोकर. चौथा, सगळे ब्रोकर सोडून स्वतः पोर्टलवर जाहिरात टाकायची. चौथा पर्याय काकूंनीच नाकारला. घरात एकटी बाई, अनोळखी माणसं, रात्री दहाला फोन. शिवाय पाच ब्रोकरांच्या जाहिराती आधीच फिरत असताना सहावी काय दिवे लावणार होती?

मी सुचवला तो पाचवा पर्याय: टक्का कमी, पण किंमत वाढली तर त्यात वाटा. १ कोटी १४ लाखांपर्यंत एक टक्का, त्यावर जे मिळेल त्याचे दहा टक्के. १ कोटी १४ लाख हा आकडा ब्रोकरनेच 'नेट' म्हणून दिला होता, म्हणजे एवढी किंमत नक्की येते हे त्याने स्वतःच मान्य केलं होतं. आता ती किंमत १ कोटी १८ लाख झाली तर त्याला १ लाख १४ हजार अधिक ४० हजार, एकूण १ लाख ५४ हजार. दोन टक्क्यांनी हेच २ लाख ३६ हजार झाले असते. पण वरच्या चार लाखांमध्ये त्याचा वाटा ८ हजारांवरून ४० हजार झाला, आणि तेवढ्यासाठी माणूस एक दिवस जास्त ताणून धरतो.

भाच्याला हे आवडलं नाही. त्याचं म्हणणं होतं, सरळ एक टक्का असताना ही कसरत कशाला? त्याचा मुद्दा चुकीचा नव्हता, त्याकडे पुढे येतो.

काय केलं

गेटवरच्या गाळ्यात फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बैठक झाली. भिंतीवर महारेराचं, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचं, नोंदणी प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं होतं. नंबर महारेराच्या संकेतस्थळावर टाकून नोंदणी चालू आहे का ते आधीच पाहिलं होतं, कारण ती पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. इथे एक गैरसमज सर्रास असतो. २०१६ च्या रेरा कायद्यात एजंटची नोंदणी सक्तीची आहे ती रेराखाली नोंदलेल्या प्रकल्पांतल्या विक्रीसाठी. १९९६ च्या इमारतीतला सौदा बिघडला तर दलालीचं भांडण घेऊन महारेराकडे धावून उपयोग होईलच असं नाही. ते दिवाणी कोर्टाचं, किंवा सेवेत कसूर असेल तर ग्राहक आयोगाचं काम. तरीही नोंदणी असलेला ब्रोकर बरा, निदान त्याने आता सक्तीची झालेली परीक्षा दिलेली असते आणि त्याचा पत्ता खरा असतो.

ब्रोकर म्हणाला, "काकू, तोंडी ठरलं होतं आपलं. दोन टक्के. प्लस जीएसटी."

काकू म्हणाल्या, "तू म्हणाला होतास दोन. मी म्हणाले होते, बघू. आता बघितलं."

जीएसटीचा मुद्दा पटकन मिटला. त्याचा नंबर मागितला, तर तो नव्हता. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने त्याने नोंदणी घेतलेली नव्हती, आणि नोंदणी नसलेल्याला जीएसटी लावता येत नाही. दोन टक्क्यांवर मात्र तासभर गेला. करार तोंडीही असू शकतो, त्यामुळे "लेखी कुठे आहे" असं म्हणून त्याला उडवून लावणं मला योग्य वाटत नव्हतं. त्याने पाच महिन्यांत गिऱ्हाइकं आणली होती, किल्ली सांभाळली होती, पाण्याची टाकी गळत होती तेव्हा प्लंबरही त्यानेच पाठवला होता. त्याला राजी केलं ते दोन गोष्टींनी: बाकीच्या पाच ब्रोकरांकडून फ्लॅट काढून तीन महिने फक्त त्याच्याकडे राहील, आणि दलाली बुडणार नाही अशी लेखी हमी.

५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर दीड पानी करार झाला. त्यातला दर वर सांगितलाच आहे. दलाली केव्हा द्यायची यावर आम्ही सर्वांत जास्त शब्द खर्च केले. करार कायद्याचं कलम २१९ म्हणतं की वेगळं ठरलेलं नसेल तर काम पूर्ण होईपर्यंत एजंटाचा मोबदला देय होत नाही. पण काम पूर्ण झालं म्हणजे काय? ब्रोकरच्या मते पार्टी मिळाली, टोकन आलं की काम झालं. काकूंच्या मते खात्यात शेवटचा रुपया आला की. घेणाऱ्याचं कर्ज मध्येच नामंजूर झालं तर दिलेली दलाली परत कोण करणार? शेवटी निम्मी करारनाम्याच्या नोंदणीच्या दिवशी, निम्मी पूर्ण पैसे आणि ताबा झाल्यावर, असं लिहिलं. सौदा काकूंच्या चुकीशिवाय फिसकटला तर पहिली निम्मी रक्कम परत, हेही लिहिलं. त्यावर सही करताना तो थांबला होता.

आणखी दोन कलमं होती. दोन्हीकडून दलाली घेत असेल तर ते काकूंना आधी सांगायचं. आणि त्याने आजवर घर दाखवलेल्यांची यादी करारासोबत जोडायची, पुढच्या प्रत्येक भेटीची नोंद त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर टाकायची. यादीतल्या माणसाने मुदत संपल्यावर तीन महिन्यांत घर घेतलं तरी दलाली त्याचीच. यादी त्याने मोठ्या हौसेने केली. मुलुंडचं कुटुंब त्यात चौथ्या क्रमांकावर होतं.

पंधरा दिवसांनी तेच कुटुंब परत आलं, पण गेटवरच्या ब्रोकरकडून नव्हे. मधल्या काळात त्यांनी माजिवड्याच्या दुसऱ्या ब्रोकरबरोबर घोडबंदर रोडला कासारवडवलीपर्यंत फ्लॅट पाहिले होते. त्याला पोर्टलवर हाच फ्लॅट १ कोटी १५ लाखांना दिसला आणि तो त्यांना घेऊन दारात उभा राहिला. काकूंनी चेहरे ओळखले. गेटवरच्या ब्रोकरला कळलं तेव्हा खाली पार्किंगमध्ये दोघांची चांगलीच जुंपली. "पार्टी माझी", "नाही, माझी". माजिवड्याच्या ब्रोकरने काकूंकडूनही अर्धी दलाली मागून पाहिली.

हे भांडण काकूंच्या पैशांवरून दिसत होतं, पण मूळ वेगळं होतं. काकूंच्या बाजूची दलाली करारात बांधलेली होती आणि यादीमुळे त्यावर वादच नव्हता. गेटवरच्या ब्रोकरचा खरा तोटा होता तो घेणाऱ्याकडच्या एक टक्क्याचा. तो त्याच्या हातून निसटला होता, आणि तो परत मिळवून देणं काकूंचं काम नव्हतं. तसं स्पष्ट सांगितलं: साइड बाय साइड. विकणाऱ्याच्या बाजूने हा, घेणाऱ्याच्या बाजूने तो, कोणी कोणाच्या ताटात हात घालायचा नाही. दोघांनी तोंडं पाडून मान्य केलं आणि वाटाघाटी सुरू झाल्या. आता दोन्ही पार्ट्यांना आपापला माणूस होता. डिसेंबरपेक्षा ही बोलणी कितीतरी सरळ झाली. १ कोटी १४ लाखांवर माजिवड्याचा ब्रोकर थांबला. यावेळी "देऊन टाका" कोणी म्हणालं नाही. दोन बैठकांनंतर १ कोटी १८ लाखांवर हात मिळाले.

त्याच रात्री घेणाऱ्या कुटुंबातल्या वडिलांचा काकूंना थेट फोन आला. आवाज अगदी घरच्यासारखा. "काकू, तुमचे दोन टक्के, आमचा एक, साडेतीन लाख हे लोक घेऊन जाणार. त्यांना सांगू की जमलं नाही. महिन्याभराने आपण आपलं करू. तुम्ही फक्त एक सोळा करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी हे मला सांगितलं. आम्ही आधी नुसता हिशोब मांडला. ब्रोकरमार्गे: १ कोटी १८ लाखांतून १ लाख ५४ हजार वजा, हाती १ कोटी १६ लाख ४६ हजार. थेट: १ कोटी १६ लाख. म्हणजे काकूंना ४६ हजारांचा तोटा. समोरच्यांना किमतीत दोन लाख, त्यांच्या ब्रोकरचे १ लाख १८ हजार आणि दोन लाखांवरची स्टॅम्प ड्युटी, असे सव्वातीन लाखांहून जास्त वाचत होते. जुन्या दोन टक्क्यांनी गेलो असतो तर हाती १ कोटी १५ लाख ६४ हजार आले असते, आणि थेट सौदा ३६ हजारांनी फायद्याचा दिसला असता. तेव्हा मोह खरा झाला असता.

शिवाय करार होता, यादीत नाव होतं. पुढच्या काही महिन्यांत त्याच कुटुंबाला विकलं असतं तर ब्रोकरने दलाली मागितलीच असती आणि ती त्याला मिळालीही असती. काकूंनी मात्र याहून साधं कारण दिलं. "आज त्यांना ब्रोकरला फसवायला चालतंय, उद्या मला उरलेले पैसे द्यायच्या वेळी काय चालेल कोणास ठाऊक." फोन केला आणि नम्रपणे नाही म्हणाल्या. सौदा मोडला नाही. वडिलांनी पुढे तो विषय काढलाच नाही.

टोकन एक लाखाचं, चेकने, थेट काकूंच्या नावावर घेतलं. "माझ्याकडे ठेवतो, दोन्ही पार्ट्या सेफ" ही गेटवरच्या ब्रोकरची सूचना मानली नाही.

निष्पत्ती

१ एप्रिल २०२५ पासून रेडी रेकनरचे, म्हणजे स्टॅम्प ड्युटीसाठी सरकारने ठरवलेले मालमत्तेचे, दर वाढणार अशी चर्चा होती, म्हणून मार्चअखेर दुय्यम निबंधक कार्यालयात तोबा गर्दी होती. करारनामा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नोंदवला गेला. ठाण्यात स्टॅम्प ड्युटी मेट्रो अधिभार धरून सात टक्के, म्हणजे या सौद्यावर ८ लाख २६ हजार. माजिवड्याच्या ब्रोकरने फ्लॅट एकट्या सुनेच्या नावावर घ्यायला सुचवलं. खरेदीदार फक्त महिला असेल तर एक टक्का सवलत मिळते. नवरा कर्जात सहकर्जदार राहिला. वाचले १ लाख १८ हजार, म्हणजे त्याची दलाली जेवढी तेवढेच. त्या कुटुंबाने यानंतर दलालीबद्दल तक्रार केल्याचं ऐकलं नाही.

नोंदणीच्या दिवशी काकू अस्वस्थ झाल्या. मिळालेल्या रकमेत एक टक्का कमी दिसत होता आणि त्यांना वाटलं, ब्रोकरने परस्पर कापला. तो टीडीएस होता. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या खरेदीत घेणाऱ्याने विकणाऱ्याच्या नावे एक टक्का कापून सरकारात भरायचा असतो. विवरणपत्र भरताना तो वळता होतो. दलालीवर मात्र काकूंना काही कापायचं नव्हतं. व्यवसाय नसलेल्या व्यक्तीवर, तेही ५० लाखांच्या आतल्या दलालीसाठी, ती जबाबदारी येत नाही.

दलालीचे पहिले ७७ हजार बँकेतून गेले. त्याचं पॅन नंबरसह बिल घेतलं. रोख दिले तर दीड लाखावर करू असं तो म्हणत होता. चार हजारांसाठी ते परवडणारं नव्हतं. विक्रीसाठी झालेला खर्च म्हणून दलाली भांडवली नफ्यातून वजा होते, पण दाखवायला बिल आणि खात्यातली नोंद हवी. नफ्यावर कर किती हे पुढे काकूंच्या सीएने पाहिलं. मोठा भाग पुण्यातल्या घरात गुंतणार असल्याने सूट मिळाली.

उरलेली निम्मी दलाली खरी कमावली गेली ती एप्रिलमध्ये. सोसायटीने एनओसीसाठी 'विकासनिधी' म्हणून ५० हजार मागितले. महापालिका हद्दीत हस्तांतरणाचं अधिमूल्य २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे सगळ्या कमिट्यांना माहीत असतं, म्हणूनच नाव बदलून मागतात. काकूंना सेक्रेटरीशी वाद घालायचा नव्हता. तीस वर्षांचा शेजार. गेटवरचा ब्रोकर दोन संध्याकाळी कमिटीसोबत बसला आणि २५ हजारांवर आणलं, ते दोन्ही बाजूंनी निम्मे-निम्मे दिले. पुढे बँकेच्या वकिलाने बिल्डरबरोबरचा मूळ करारनामा मागितला. यजमानांनी तो प्रेमाने लॅमिनेट करून ठेवला होता आणि वकील तो तसा घेईना. प्रमाणित प्रत काढण्याची धावपळही ब्रोकरनेच केली. मेमध्ये ताबा दिला, उरलेले ७७ हजार त्याच दिवशी गेले.

वेगळं काय करता आलं असतं

भाचा अजूनही म्हणतो की सरळ एक टक्का, १ लाख १८ हजार, पुरे होते. ३६ हजार जास्त गेले. त्याला पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. १ कोटी १४ लाखांवरून १ कोटी १८ लाखांपर्यंतचा प्रवास वाढीव वाट्यामुळे झाला, की एप्रिलच्या रेडी रेकनरच्या भीतीने, की त्या सुनेला घर मनापासून आवडलं होतं म्हणून, हे सुटं करून दाखवता येत नाही. डिसेंबरात आणि फेब्रुवारीत त्याच ब्रोकरची भाषा वेगळी होती एवढं काकूंनी पाहिलं आणि माझ्या दृष्टीने ते पुरेसं आहे. मात्र फ्लॅट नवा असता, मागणी भरपूर असती आणि किंमत आधीच ठरल्यासारखी असती, तर मीही सरळ एक टक्काच सुचवला असता.

करार सप्टेंबरमध्येच व्हायला हवा होता, पहिलं गिऱ्हाईक दारात येण्याआधी. फेब्रुवारीत तो जमला याचं एक कारण असं की त्या वेळी हातात पार्टी नव्हती आणि ब्रोकरची बाजू थोडी नरम होती. तेच कुटुंब महिनाभर आधी परतलं असतं तर दोन टक्के सोडायला तो तयार झाला नसता.

तळाची किंमत ब्रोकरला सांगायची की नाही, यावर आमच्यात एकमत झालं नाही. काकूंनी डिसेंबरमध्ये बोलता बोलता "एक पंधरापर्यंत येईन" असं म्हटलं होतं, आणि 'नेट'चा १ कोटी १४ लाखांचा आकडा तिथूनच आला असावा. वाढीव वाट्याची पद्धत वापरायची असेल तर निदान तळ आणि वाट्याची सुरुवात हे दोन आकडे एकच नसावेत, असं मला आता वाटतं. १ कोटी १६ लाखांपासून वाटा सुरू केला असता तर १८ हजार कमी गेले असते.

बाकीच्या पाच ब्रोकरांकडून फ्लॅट काढण्याचं काम भाच्याने एका व्हॉट्सॲप संदेशावर उरकलं. त्यातल्या एकाने "फोटो मी काढले होते" म्हणून दहा हजार मागितले. त्याला काही दिलं नाही, पण चारदा फोन घ्यावे लागले. प्रत्येकाला वेगळा फोन करून पोर्टलवरची जाहिरात बंद झाल्याची खात्री करून घ्यायला हवी होती. १ कोटी ५ लाखांची जाहिरात जूनमध्येही चालू होती, आणि काकू पुण्याला गेल्यानंतरही "घर दिसेल का" असे फोन त्यांना येत होते.